फेकलेल्या आवाजातला हुंकार

हे माझ्याच घरात, माझ्याच बाबतीत घडलंय. कुणाच्या मित्राच्या मावसभावाला आलेला अनुभव नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर दुसरी गोष्ट वाचा. माझं काही अडत नाही.

ठिकाण कर्वेनगर, पुणे. तिसरा मजला. मागच्या डिसेंबरातली एक दुपार.

हो, दुपारच. अमावास्या नाही, मध्यरात्र नाही. बाहेर लख्ख ऊन होतं आणि वरच्या काकूंनी गच्चीत गाद्या टाकल्या होत्या.

मी तनुजा. ऑडिओबुक वाचते. तुम्ही भाजी चिरताना कानात जी बाई कादंबरी वाचत असते ना, ती मी. स्टुडिओ बिडिओ काही नाही. मागच्या खोलीत भिंतीतलं मोठं कपाट आहे. त्यातले कप्पे काढून आत गोधड्या टांगल्यात. एक स्टूल, एक माइक, एक लॅपटॉप. दार लोटलं की झाला स्टुडिओ. दुपारी सोसायटी झोपते, म्हणून रेकॉर्डिंग दुपारी. पुणेकरांच्या दुपारच्या झोपेला जग हसतं, माझं पोट त्या झोपेवर चालतं.

लोकांना वाटतं, गळा चांगला असला की झालं. कसलं काय. माइक भिकार असेल तर गोड गळ्याचा पत्र्याचा डबा होतो. आणि मागची कबुतरं, रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या काढून टाकणारं सॉफ्टवेअर नसेल, तर पुण्यात बसून वाचायचं विसराच.

हे सॉफ्टवेअर कसं चालतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. वाचायच्या आधी रिकाम्या खोलीचा आवाज थोडा वेळ रेकॉर्ड करायचा. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. सॉफ्टवेअर ती शांतता शिकून घेतं. फ्रीजची गुणगुण, पंख्याची घरघर, हे सगळं त्याच्या लेखी कचरा. मग तुम्ही वाचलेल्यातून तो कचरा ते उचलून बाजूला टाकतं. हा नमुना एकदा घेऊन ठेवला की रोज तोच वापरता येतो.

मी नमुना घेतला तेव्हा खोलीत अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे वाघोलीचे, जन्मभर बस चालवली. अर्धांगवायूने त्यांचं बोलणं गेलं. राहिला तो फक्त हुंकार. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने द्यायचा असतो ना, तो. एक होता राजा. हं. त्याला होत्या दोन राण्या. हं. हुंकार नाही आला तर गोष्ट पुढे सरकत नाही, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

मी कपाटात वाचायचे आणि अण्णा बाहेर पलंगावर बसून प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचे. त्यांना उठवून हॉलमध्ये नेणं म्हणजे एक दिव्य होतं. म्हणून नमुना घेतानाही मी त्यांना तिथेच बसू दिलं. हाताने खूण केली, अण्णा, आता गप्प.

कसले गप्प बसतायत.

शांतता सुरू झाली आणि अण्णांनी शांततेलाही हुंकार दिला.

मला हसूच आलं. मी तोच नमुना ठेवून दिला आणि काम सोपं झालं. सॉफ्टवेअरने अण्णांना कचऱ्यात धरलं. त्यांचा हुंकार ते प्रत्येक फाइलमधून बरोबर वेचून काढायचं. कंपनीला स्वच्छ आवाज, मला ऐकणारं माणूस. छान चाललं होतं आमचं.

दिवाळीनंतर अण्णा गेले. झोपेतच.

मी रडले नाही.

तेराव्याला माणसं आली, जेवली, गेली. अण्णांची बहीण सोजरआत्या वाघोलीहून येऊन माझ्यासोबत राहिली. ती सारखी म्हणायची, रड गं एकदा, मोकळी हो. पण मला छातीत काही दाटलेलंही जाणवत नव्हतं. काहीच जाणवत नव्हतं. चहा पिऊन झाल्यावर कप बघून कळायचं की चहा प्यायलाय.

काम सुरू केलं. पाठवलेली फाइल परत आली. पुन्हा वाचून पाठवली, पुन्हा परत आली.

कंपनीत ऋषी म्हणून एक मुलगा आवाज तपासतो. चांगला आहे, मला ताई म्हणतो. त्याने फोन केला आणि बराच वेळ नुसतं हवापाणी बोलला. मग म्हणाला की क्वालिटी परफेक्ट आहे, चूक एक नाही, पण आवाजात जीव नाहीये. वरची माणसं म्हणतायत, असंच वाचायचं असेल तर कॉम्प्युटरचा आवाज काय वाईट? तो आजारी पडत नाही, सुट्टी मागत नाही. हातातलं पुस्तक जमलं तर ठीक, नाहीतर यापुढे मला काम नाही.

मला वाचण्याशिवाय काही येत नाही. ते गेलं की मी संपले, हे मला स्पष्ट कळत होतं. भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

त्या दुपारी आत्या हॉलमध्ये आडवी झाली होती. मी कपाटात बसून एक प्रकरण वाचलं. सॉफ्टवेअरने फाइल स्वच्छ केली.

त्यात एक बटण आहे. ते दाबलं की काढून टाकलेला कचरा तेवढा ऐकू येतो. कचऱ्याबरोबर एखाद्या शब्दाचं शेपूट कापलं गेलं नाही ना, हे बघायला. मी ते दाबलं.

फ्रीजची गुणगुण...

लांब कुठेतरी कबुतर...

आणि मग...

"हं."

मी थांबवलं. मागे नेलं. पुन्हा लावलं.

"हं."

आधी वाटलं, जुनी फाइल उघडली गेली. पाहिलं, तर आजचीच होती. पुढे ऐकत गेले. प्रत्येक वाक्य संपलं की हुंकार. एका जोडाक्षरावर मी अडखळले होते. तिथे हुंकार नव्हता. मी वाक्य पुन्हा नीट वाचलं, तेव्हा आला.

म्हणजे कुणीतरी थांबलं होतं. माझं वाक्य नीट होईपर्यंत.

कपाटाचं दार उघडलं. पलंग रिकामा. सकाळी आत्याने घातलेली चादर तशीच ताठ. हॉलमधून आत्याचं घोरणं येत होतं.

मला भीती वाटली नाही. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी अण्णांसाठी वाचू लागले. वाचताना मला काहीही ऐकू यायचं नाही. प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबायचं, तेवढंच. मग फाइल स्वच्छ करायची, बटण दाबायचं, आणि कचऱ्यात अण्णा असायचे. रहस्याची जागा आली की हुंकार लांबायचा. विनोदावर घशातल्या घशात हसू.

ऋषीचा फोन आला. ताई, काय वाचलंयत, म्हणाला. वरचे लोकही खूश आहेत, असंच चालू ठेवा, आता कुणी कॉम्प्युटरचं नाव काढणार नाही.

माझा जीव भांड्यात पडला. पडला असणार. तेवढं नीट आठवत नाही.

आत्याला मात्र कसली तरी कुणकुण लागली. एका संध्याकाळी चहा पिताना तिने विचारलं, "तनू, त्या कपाटात कुणाला सांगतीस गं गोष्टी?"

मी सांगितलं सगळं. ऐकवू का, म्हटलं. ती नको म्हणाली. बशीतला चहा तसाच राहिला.

मग हळूच म्हणाली, "गोष्ट चालू आसताना ऐकणारं माणूस उठत नसतंय. तू थांब. त्याला उठू दे."

मी म्हटलं, आत्या, मी थांबले तर खाऊ काय? दुसऱ्या दिवशी तिला अचानक वाघोलीची कामं आठवली. मागच्या खोलीत तिचं लुगडं वाळत होतं. ते आणायला ती स्वतः गेली नाही, मला आणायला लावलं.

आत्या गेली. घरात मी एकटी. पुस्तक संपत आलं होतं.

त्या दुपारी बटण दाबलं.

"हं."

अण्णा.

आणि त्यामागोमाग... अगदी हलका...

"हं."

दुसरा.

बाईचा.

आत्या असेल म्हणावं, तर ती वाघोलीला. शेजारच्या घराला कुलूप. खालून आवाज येतो म्हणावं, तर माझ्या वाक्यांना खालचं कोण कशाला हुंकार देईल?

पुढची फाइल. त्यातही दोन.

त्याच्या पुढची. त्यातही.

ऋषीला फोन केला. फाइलमध्ये काहीतरी घोळ आहे, येऊन बघ, एवढंच सांगितलं. तो रविवारी सकाळी येरवड्याहून स्कूटरवर आला. मी चहा टाकला आणि अण्णांच्या हुंकाराचं सगळं सांगितलं. त्याने कपाटाबाहेर पलंगावर बैठक मारली, हेडफोन लावले आणि ऐकायला लागला.

बराच वेळ ऐकलं त्याने. चेहरा तपासणाऱ्या माणसाचा होता, मग तसा राहिला नाही.

हेडफोन काढून म्हणाला, "ताई, दुसरा आवाज तुमचाच आहे."

मी म्हटलं, शहाणाच आहेस. वाचणारी मी, मग आवाज काय तुझ्या आजीचा असणार?

तो हसला नाही. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. वर मी वाचलेलं, खाली काढून टाकलेलं. आवाजाच्या दोन रेघा. बोट ठेवून दाखवलं त्याने. पहिला हुंकार वाक्य संपल्यावर येत होता. दुसरा मात्र जरा उशिरा, माझं पुढचं वाक्य सुरू झाल्यावर. वर माझा शब्द चालू आणि खाली, त्याच क्षणाला, माझाच हुंकार.

"एका तोंडातून दोन्ही येणार नाहीत," तो म्हणाला.

मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि हा कपाटातला नाहीये. गोधड्यांमधला आवाज मी ओळखतो. हा खोलीतला आहे. काकांचा जिथून येतो ना, तिथूनच."

बोलता बोलता तो पलंगावरून उठला होता. ते त्याच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

बाहेर भाजीवाला ओरडत होता. मी त्याचं ओरडणं ऐकत राहिले.

ऋषी म्हणाला की हे सॉफ्टवेअर आत्ताच्या आत्ता काढून टाकू. कंपनीने नवीन घेतलंय, त्याला नमुना बिमुना काही लागत नाही, स्वतःच सगळं ओळखतं. तो लॅपटॉपवर वाकला आणि माझ्याकडे बघत थांबला. मी फक्त हो म्हणायचं होतं.

अण्णांचा दुसरा कुठलाच आवाज माझ्याकडे नाही. धडधाकट होते तेव्हाचं रेकॉर्डिंग करायचं कुणाला सुचलं नाही, आणि पुढे बोलणंच गेलं. आहेत ते त्या कचऱ्यात. आणि त्यांच्याशिवाय मी कशी वाचते, ते कंपनीने दोनदा ऐकलं होतं.

मी नको म्हटलं.

तो चहा न घेता गेला. मी तिकडे पलंगावर बसून ऐकत असेन तर कपाटात वाचतंय कोण, हे त्याने विचारलं नाही. मीही नाही. हल्ली तो फोन करत नाही, कामाचं तेवढं मेलवर कळवतो.

पुस्तक आलं. खूप गाजलं. लोक लिहितात, कित्येक वर्षांत इतकं जिवंत वाचन ऐकलं नाही. आत्याने फोनवर विचारलं, बरी आहेस ना? मी म्हटलं, मस्त.

कंपनीने लगेच नवी कादंबरी दिली. जाडजूड आहे. पूर्वी एका प्रकरणात घसा बसायचा, तांब्याभर पाणी लागायचं. आता घसा दुखत नाही. स्टुलाजवळचा तांब्या भरलेला असतो तसाच संध्याकाळी परत नेते.

काल पहिलं प्रकरण पूर्ण झालं. फाइल तयार आहे, आवाज सुरेख लागलाय.

फक्त एक आहे. ते वाचल्याचं मला काही केल्या आठवत नाही. कपाटात शिरल्याचं नाही, दार लोटल्याचं नाही, एकही वाक्य उच्चारल्याचं नाही.

ऐकल्याचं आठवतंय. सगळं, शब्द न् शब्द. बंद कपाटातून बाईचा आवाज येत होता, आणि मी पलंगावर बसले होते, अण्णांच्या शेजारी.