चंद्राची राखण

भोकरदनच्या बसस्थानकावर ऐन वैशाखात वावटळ उठली आणि जालन्याच्या गाडीतून उतरलेल्या एका तरुणाचे कागद चारी दिशांना पळाले. त्यातला एक जयवंतानं चपलेखाली दाबला, उचलला आणि परत द्यायच्या आधी वाचला. सवयच तिला; समोरच्या टायपिंगच्या क्लासात ती दिवसभर लोकांचे कागद बडवत असे.

“चंद्राची राखण कोण करून राह्यलंय?” तिनं विचारलं. “न्हाई, आमच्या आबाला सांगते. मेंढरं विकल्यापून रिकामेच बसलेत.”

तो हसला... आणि खरं सांगू? घोटाळा तिथंच झाला. असा मोकळा हसणारा माणूस वेळेला बोलेलही, असं कुणालाही वाटलं असतं.

भुजंग त्याचं नाव. जुन्या जमीनदार घरातल्या रखमाजींचा थोरला. वकिलीच्या वरच्या परीक्षेसाठी प्रबंध लिहीत होता, आणि विषय असा की गावात सांगायची सोय नाही. अंतराळाबद्दल देशादेशांत करार होतात. एखादा देश म्हणतो, सही करतो, पण हे एक कलम मला लागू नाही. ती त्याची राखण. “आरक्षण लिहिलं की लोकायला नोकरीतलं वाटतं,” म्हणून हा शब्द त्यानं स्वतःच काढला होता. दुसऱ्या देशाला ती राखण पटली नाही, तर तो कळवतो, माझी हरकत आहे.

“म्हंजे भांडणच की,” जयवंता म्हणाली. “आमच्याकडं बांधावरून, यांच्याकडं आभाळावरून.”

प्रबंध टाइप करायचं काम तिच्याकडंच आलं. महिन्याला एक प्रकरण. कागद द्यायला आलेला भुजंग तासभर स्टुलावर बसून राही, आणि कागद देताना त्याची बोटं जरा उशिरानंच सुटत.

“आपल्या देशानं चंद्राच्या कराराचं काय केलं?” एकदा तिनं विचारलं.

“ब्याऐंशीला सही केली. पक्की मान्यता... अजून न्हाई दिली.”

“सतरा वर्षं? सही करून नुसतं बसायचं?” तिनं मान वर केली नाही. “तुम्ही न्हाई ना तसले, वकीलसाहेब?”

तिच्या बोटांना कार्बनची निळाई लागली होती. त्यानं रुमाल काढला आणि पुसली – हळूहळू, एकेक बोट.

“मी सही केली की केली.”

“अन् राखण?”

“एकबी न्हाई. सगळी कलमं मंजूर.”

त्या दिवशी घर कधी आलं ते जयवंताला कळलं नाही. वेडी कुठली!

दिवाळीनंतर तिच्या वडिलांनी, मल्हारींनी, वडीगोद्रीचं स्थळ पक्कं करत आणलं. त्यांच्यात सुपारी फोडण्याआधी बैठकीतला मोठा माणूस विचारतो, कुणाची काही हरकत? कुणी बोललं तर सुपारी तिथंच थांबते. फुटली की लग्न झाल्यातच जमा.

“त्या टायमाला उठा,” तिनं भुजंगला सांगितलं. “एवढंच म्हणा, माझी हरकत हाय. बाईमाणसाला बैठकीत कोणी इचारीत न्हाई. तुम्ही उठला की मंग मी आबाला सांगते. ते ऐकतील माझं.”

“बिलकुल उठतो.”

सुपारीच्या सकाळी मोठा माणूस म्हणून रखमाजीच आले. मल्हारींची मेंढरं वर्षानुवर्षं त्यांच्या रानात बसत. तो मान त्यांचाच. अशा घरची मुलगी सून म्हणून आणायची, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. शेजारी पांढऱ्या शर्टात भुजंग बसला होता. दाराआड आईला, बायनाबाईला, खेटून उभी असलेली जयवंता फटीतून त्याच्याकडं बघत होती.

रखमाजींनी सुपारी अडकित्त्यात धरली. “कुणाची काही हरकत?”

सहावं प्रकरण तिनंच टाइप केलं होतं. बारा महिन्यांत हरकत कळवली नाही, तर राखण मान्य आहे असं धरतात. 

भुजंगनं मान वर केली. ओठ हलले... रखमाजींनी त्याच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि हरकतींवर दोनशे पानं लिहिणारा तो गडी सतरंजीच्या दशा ओढत बसला.

अडकित्ता वाजला. गूळ वाटला गेला. त्याच्याही हातावर खडा पडला, आणि मेल्यानं तो खाल्ला!

“काय झालं गं?” बायनाबाईनं विचारलं.

“काही न्हाई, माय.” खरंच काही उरलं नव्हतं.

चार दिवसांनी तो शेवटचं प्रकरण न्यायला आला. गठ्ठा बांधून तयार होता.

“जयवंता... आमच्या अण्णासमोर जीभच उचलली न्हाई. पर लग्नाला दोन महिने हायेत. मी बोलतो. कायद्यातबी बारा महिन्याची मुदत –”

“ती देशायला अस्ती, वकीलसाहेब. माझ्याजवळ एक सुपारीच होती.”

त्याचे डोळे भरून आले. जीव होता हो त्याचा तिच्यावर, तेच तर वाईट.

“माफ कर मला.”

रोज गिऱ्हाइकांना म्हणून म्हणून जिभेवर बसलेले दोन शब्द तिच्या तोंडून आपसूक निघून गेले.

“हरकत न्हाई.”

बोलल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. त्यालाही कळलं. तो गठ्ठा उचलून निघून गेला. तिनं मशीनवर कोरा कागद चढवला, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर एक अक्षर उमटलं नाही.