वस्तीवरचा धूर

ही गोष्ट खरी आहे. माझ्यासोबत घडलेली आहे, काकाच्या मित्राच्या मेव्हण्यासोबत नाही. ज्यांना खाली "फेकू नका ताई" लिहायचंय त्यांनी इथूनच मागे फिरावं. वाद घालायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

गेल्या येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची संध्याकाळ. बीड जिल्हा, परळी तालुका. धर्मापुरीच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक गाव. नाव सांगणार नाही, तिथली माणसं मला अजून रोज भेटतात.

मी मनिषा. गावच्या पोस्टात नोकरीला आहे. पोस्ट म्हणजे एक खोली, तिच्या पाठीमागे दुसरी पत्र्याची खोली. त्या दुसऱ्या खोलीत मी राहते. एकटी. दुपारपर्यंत काम आटोपतं... आणि मग संध्याकाळ होते.

ज्यांच्या घरात माणसं आहेत त्यांना हे कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. ती होती तोवर रोज दिवेलागणीला फोन यायचा. एकच प्रश्न. "जेवलीस का?" मी वैतागायचे, "आई, दुसरं काही विचार की!" आता फोन येत नाही. मी कधी स्वयंपाक करते, कधी बिस्किटं खाऊन झोपते. कुणाला काही फरक पडत नाही.

म्हणून फोटोग्राफीचा नाद धरला. परळीत रविराजचा स्टुडिओ आहे, शाळेत माझ्या वर्गात होता. त्यानं एक जुना कॅमेरा आणि एका पायानं लंगडा ट्रायपॉड माझ्या गळ्यात मारला.

"लग्नं काढून काढून जीव विटलाय माझा," तो म्हणाला. "तू डोंगर काढ. डोंगर पदर नीट करत बसत न्हाई."

दिवाळीनंतर मी पहिल्यांदा डोंगरावर गेले. फोटो काय निघाले विचारू नका. आभाळ पांढरं फटक, जमीन काळी ठिक्कर आणि सगळं गाव एका बाजूला घसरलेलं.

वर एक वस्ती आहे. सहा-सात पत्र्याची घरं. दिवाळी झाली की सगळी माणसं लेकराबाळांसकट, बैलांसकट ऊसतोडीला जातात. दारांना कुलपं लागतात. वस्तीवर कुत्रंसुद्धा राहत नाही, तेही टोळीच्या मागं जातं.

त्या दिवशी एकच दार उघडं होतं. दारात एक म्हातारी बसली होती. रुक्मिणीबाई. तिचा मुलगा परमेश्वर आणि सून कर्नाटकात ऊस तोडायला गेलेले.

"कावून फिरायलीस गं एकटी उन्हातान्हाची?" तिनं विचारलं.

"फोटो काढते, आजी."

"कुणाचा?"

"डोंगराचा."

ती खो खो हसली. "अगं बाई! त्यो डोंगर काय पळून चाललाय व्हय?" मग माझ्याकडं जरा निरखून बघितलं, आणि म्हणाली...

"जेवलीस का माय?"

तिनं मला आत नेलं, चुलीपुढं बसवलं, गरम भाकरी आणि ठेचा ताटात घातला. "एकल्या माणसाला भूक कळत न्हाई," ती म्हणाली. "म्हनून तर मी हितं ऱ्हायले. पोरगं म्हनलं, गावात ऱ्हा. म्या म्हनलं, न्हाई. आपल्या घरावर रोज धूर दिसला पायजे. धूर दिसला की माणूस हाय."

निघताना मी तिला "येईन परत" म्हणाले. पण गेले नाही. पोस्टातली कामं निघाली, मग थंडी पडली, राहून गेलं.

डिसेंबर लागला तेव्हा रविराजनं मला नवीन अभ्यास दिला. "रोज एकाच जागी उभी ऱ्हा. दिवस बुडताना. तीच फ्रेम, त्योच डोंगर. काय काय बदलतं ते बघ. मंग उजेड कळंल तुला."

मी गावाबाहेरची माळावरची जागा धरली. तिथून समोर डोंगर दिसतो, डोंगरावर वस्ती, आणि शेवटच्या घरावर...

धूर.

बारीक, निळसर धूर. सरळ वर जाणारा, मधेच डावीकडं वळून परत सरळ. मला इतकं बरं वाटलं! आजी भाकरी करतेय. एवढ्या मोठ्या डोंगरात आणखी एक बाई एकटी आहे आणि जेवणार आहे.

मी रोज तो धूर टिपू लागले. खरं सांगायचं तर मी डोंगरासाठी नाही, त्या धुरासाठीच जायला लागले होते.

आणि मग परमेश्वरचा फोन आला. माझ्या शेजारच्या तुळजाबाईंच्या फोनवर. रुक्मिणीबाई दर बाजारच्या दिवशी खाली उतरायची आणि तुळजाबाईंच्या फोनवरून मुलाशी बोलायची. वस्तीवर रेंज नाही. पण बरेच बाजार झाले, म्हातारी उतरलीच नव्हती.

"गुडघ्यानं बेजार झाली आसंल रे," तुळजाबाई त्याला सांगत होत्या. "उगं कशाला घोर करतूस? ह्या पोस्टातल्या म्याडम रोज बघत्यात तिचा धूर."

फोन माझ्या हातात आला. पोराचा आवाज रडवेला होता. "ताई, माय नीट हाय का? मुकादम सोडायला तयार न्हाई. पर माय नीट नसंल तर म्या आताच्या आता निघतो. तुमी फकस्त खरं सांगा."

मी कॅमेऱ्यातला त्या संध्याकाळचा फोटो मोबाइलवर घेऊन त्याला पाठवला. डोंगर, वस्ती, धूर.

थोड्या वेळानं त्याचा निरोप आला. "चूल पेटलीया. देवच पावला, ताई."

तेव्हापासून मी त्याला रोज फोटो पाठवायचे. तो रोज हात जोडल्याचं चित्र पाठवायचा. मलाही कुणीतरी वाट बघणारं मिळालं होतं.

तरी एकदा जाऊन यावं म्हणून मी एका संध्याकाळी वर गेले. सूर्य नुकताच टेकला होता.

वस्तीवर सामसूम. एका दोरीवर विसरलेली चिंधी हलत होती. शेवटच्या घराचं दार बंद होतं, पण आतून आवाज येत होता...

थप. थप. थप.

भाकरी थापायचा आवाज. मी दारापाशी गेले. "आजी?"

आवाज थांबला.

"आजी, मी पोस्टातली. परमेश्वरनं विचारलंय, बऱ्या आहात ना?"

मग आतून, अगदी दाराला लागून...

"जेवलीस का माय?"

"नाही अजून. जाऊन करते."

"मंग जा बिगी बिगी. अंधार पडायलाय."

मी हसत खाली उतरले. फोन लावून परमेश्वरला सांगितलं, माय भाकरी करतेय, मला जेवायला पिटाळलं. तो पोरगा फोनवर हसला, खूप दिवसांनी हसल्यासारखा.

खोलीवर येऊन स्वेटर काढला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली.

चुलीजवळून आलं की कपड्यांना वास येतो. माझ्या कपड्यांना वास नव्हता. वर उभी असतानाही धुराचा वास आला नव्हता. जरासुद्धा नाही.

मी म्हटलं, सर्दी झाली असेल.

त्या रविवारी परळीला गेले. रविराजनं माझे सगळे फोटो मोठ्या स्क्रीनवर एकापुढं एक लावले. आधी खूश होता. मग माझ्याकडं वळला.

"मनिषा, हे ॲपमधून चिकटवायचं कुणी शिकवलं तुला?"

"काय चिकटवलं?"

"धूर. सगळ्या फोटोत एकच धूर हाय. बघ की. हितं वळलाय, तिथं वळलाय. रोज तिथंच!"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मला साधं क्षितिज सरळ धरता येत नाही, मी कशाला काही चिकटवू?"

त्यानं दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एका दिवशी वारा पडलेला होता. दुसऱ्या दिवशी एवढा वारा होता की फोटोत बाभळ वाकून आडवी झालेली. दोन्हीत धूर तसाच. तेवढाच. हललेला नाही.

रविराज म्हणाला, "मंग लेन्समधी कायतरी हाय." पण लेन्स पुसता पुसता त्याचा हात थांबला. कारण मी त्याला सांगितलं, धूर मी डोळ्यांनीही बघितलाय.

चार दिवसांनी येळवस आली.

बाहेरच्यांना माहीत नसेल. वेळ अमावस्येला आमच्याकडं गाव मोकळं पडतं. सगळे शेतात जेवायला. भज्जी, उंडे, आंबील. अनोळखी माणसालाही हाताला धरून पंगतीत बसवतात. त्या दिवशी कुणी एकट्यानं जेवायचं नसतं.

तुळजाबाईंच्या शेतात मी पोटभर जेवले. आणि मग मला रुक्मिणीबाई आठवली. डोंगरावर. येळवशीच्या दिवशी. एकटी.

"तिला डबा नेऊन देते," मी म्हणाले.

"जा माय, पुण्य लागंल," तुळजाबाई म्हणाल्या. भज्जी आणि उंडे बांधून दिले.

वस्तीवर पोचले तेव्हा ऊन अजून पिवळं होतं. दार बंदच होतं. मी हाक मारली. कडी वाजवली.

थप थप नाही. काहीच नाही.

दार ढकललं. आतून कडी होती. दाराच्या फटीला डोळा लावला, मोबाइलची बॅटरी आत मारली.

चूल दिसली. चुलीच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. राख पांढरी पडलेली. तवा भिंतीला टेकवलेला, त्यावर धुळीचा थर.

आणि भिंतीकडेला वाकळ पसरलेली... वाकळीखाली कुणीतरी निजलेलं.

तोंड झाकलेलं होतं. पाय दिसत होते.

त्या पायांबद्दल मी लिहिणार नाही.

डबा तिथंच पडला. मी पळत खाली कशी आले मला आठवत नाही. गावची माणसं आली, पोलीस आले, दार मोडलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या असाव्यात. आणि म्हणाले, महिना तरी होऊन गेला असेल.

महिना.

मी माळावर ट्रायपॉड लावून पहिला फोटो काढला, त्याच्याही आधी.

परमेश्वर दुसऱ्या दिवशी पोचला. मला वाटलं, हा मला शिव्या घालणार. घालायलाच हव्या होत्या. सगळं आटोपल्यावर तो पोस्टाच्या पायरीवर येऊन बसला. हातात मोबाइल. माझे सगळे फोटो त्यानं जपून ठेवले होते.

"ताई, मंग चूल कुणी पेटवली?"

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"दिसाआड वाटायचं, निघावं," तो म्हणाला. "पिशवी भरून ठिवली हुती. तुमचा फोटो आला की पिशवी परत खाली. धूर बघून ऱ्हायलो मी." मग तो रडायला लागला. "मायनंच येऊ दिलं न्हाई मला. पोराला घोर नगं म्हनून मरून बी चूल पेटवली तिनं. एवढी माया कशाला करावी माणसानं?"

मीही रडले. त्याच्यासाठी, म्हातारीसाठी, आणि खरं सांगते, माझ्या आईसाठी.

त्या दिवसापासून वस्तीवरचा धूर थांबला. मी रोज बघते. नाही दिसत.

कॅमेरा मी पेटीत टाकला होता. महाशिवरात्रीला परळीत रविराज भेटला, म्हणाला, "जागा सोडू नगं. तोंड फिरव. गाव काढ, डोंगर काढू नगं."

म्हणून परवा परत माळावर गेले. त्याच जागी ट्रायपॉड लावला, डोंगराकडं पाठ केली. समोर गाव. देवळाचा कळस, पाण्याची टाकी आणि टोकाला पोस्ट, पोस्टामागे माझी पत्र्याची खोली. सूर्य टेकला. क्षितिज या वेळी एकदम सरळ आलं. मी शटर दाबलं आणि स्क्रीनवर बघितलं...

माझ्या खोलीवर धूर होता.

बारीक, निळसर. सरळ वर जाणारा, मधेच डावीकडं वळून परत सरळ.

माझ्या खोलीत चूल नाही. गॅस आहे, आणि तो दोन दिवस मी पेटवला नव्हता. दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

मान वर करून बघितलं. डोळ्यांनाही दिसत होता.

घरी जायला नको वाटत होतं. पण जाणार कुठं? दुसरं घर आहे कुठं मला? अंधार पडता पडता मी दारापाशी पोचले. कुलूप जसंच्या तसं होतं. आणि आतून...

थप. थप. थप.

मी किल्ली काढली. आवाज थांबला.

मग दाराच्या पलीकडून, अगदी कुलपाला लागून, तो प्रश्न आला. तुम्हाला माहीत आहे कोणता. पण आवाज रुक्मिणीबाईचा होता की आणखी कुणाचा, ते मला आजही ठरवता येत नाही. कारण शेवटचा "माय" त्यात नव्हता.

"नाही अजून," मी म्हणाले.

दार उघडलं. आत कुणी नव्हतं. गॅस थंड होता. मी दिवा लावला, पीठ मळलं, आणि दोन भाकरी करून खाल्ल्या.

तुळजाबाई म्हणतात, खोली सोड, आमच्यात येऊन राहा. रविराज म्हणतो, बदली माग. बदलीचा अर्ज लिहून टेबलाच्या खणात ठेवलाय.

अजून पाठवलेला नाही. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

आता रोज संध्याकाळी घरी आले की मी आधी कडी वाजवते. मग कुलूप काढते.