तिसऱ्या दिव्याची उंची

यातला शब्दन् शब्द खरा आहे. टेप धरून माप मी स्वतः घेतलंय. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

शनिवार. दुपारचे साडेचार. चौथ्या मजल्यावरचं माझ्या मावशीचं घर.

काका जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा मागे लागला होता, "आई, घर विकू, माझ्याकडे चल." मावशीला घर सोडायचं नव्हतं. म्हणून तिने जेवणाची खोलीच नव्याने सजवायला काढली. टेबलावर ओळीने तीन लटकते दिवे. एकेक घमेल्याएवढा.

काका असताना हे दिवे घरात येणं शक्यच नव्हतं. "मला काही ते लागायचे नाहीत, तुझंच डोकं फुटेल," म्हणायचे. काका मावशीच्या जेमतेम खांद्याला.

इलेक्ट्रिशियनला तिने बजावलं, "तिन्ही एका रेषेत हवेत." आणि चहा टाकायला आत गेली.

बाहेरून त्याचा आवाज येत होता.

"जरा ताठ बसा... हां... असेच..."

एकेकाला कामात बडबडायची सवय असते. मावशीने साखर टाकली.

बाहेर आली, तर काकांच्या खुर्चीवरचा दिवा वीतभर वर.

"हा वर का घेतलात?"

"डोक्याला लागत होता ना, ताई."

"कुणाच्या?"

त्याने खुर्चीकडे बोट केलं.

खुर्ची रिकामी होती. टेबलापासून मागे सरकवलेली...

"आत्ता तर बसले होते. मी माणूस बसवूनच माप घेतो."

चहा न पिताच तो गेला.

मावशी घाबरली नाही. थोडी हसली, थोडी रडली. मुलाला फोन लावला.

"तुझे बाबा घरातच आहेत रे. आता मी कुठेही यायची नाही."

त्याने आधी दिवा किती खाली होता ते विचारून घेतलं.

"आई, दिवा खाली असता, तरी बाबांच्या डोक्यावर हातभर जागा उरली असती."

दुसऱ्या दिवशी मी गेले. टेप लावला. मुलगा खरं बोलत होता. मी स्टुलावर चढून दिवा खाली घेतला, वर सरकू नये म्हणून वायरला घट्ट गाठ मारली आणि मावशीला म्हटलं, "झालं. आता निवांत जेव."

मंगळवारी भर दुपारी तिचा फोन. "ये जरा."

दिवा पुन्हा वर गेला होता.

गाठ जशीच्या तशी.

आणि या वेळी वीतभर नाही... चांगला दोन हात.

"बसलेल्या माणसाला एवढी जागा लागत नाही गं," मावशी हळूच म्हणाली.

खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली होती.

मावशी त्याच संध्याकाळी मुलाकडे गेली. घराची किल्ली माझ्याकडे असते. कुणी घर बघायला आलं, की मी दार उघडून देते आणि जिन्यातच थांबते.

टेप नेत नाही.