स्टुलावरची पुडी

खोटं बोलायला डोकं लागतं आणि माझं शिक्षण दुसरी यत्ता. म्हणून सांगते, हे जसं झालं तसंच आहे. ज्याला पटत नाही त्याने पान उलटावं. मी कोणाच्या पाया पडायला आलेली नाही.

साल १९८६. दसऱ्यानंतरचा मंगळवार, दुपारचे तीन. जागा अंधेरी पूर्व, मरोळ.

आमच्या चाळीमागे पत्रे कापायची कंपनी होती. संप झाला, मालकाने टाळं लावलं, वीजही तोडली. आत एक परदेशी लेझर मशीन अडकून पडली. उजेडाने लोखंड कापायची. मी कापलेला पत्रा पाहिलाय, कडेला हात लावला तर गुळगुळीत.

तिच्या पोटात आरसे होते. आरशांना ओल लागली की मशीन भंगारात. एसी बंद, म्हणून प्लास्टिकच्या आत जाळीच्या कापडाच्या पुड्या ठेवायच्या. पुडीत निळे दाणे. ओल प्यायले की गुलाबी होतात. मग घरी आणायचे, तव्यावर भाजायचे, परत निळे.

सगळे कामगार घरी. पगार चालू एकट्याचा, मशीन सांभाळणाऱ्याचा.

तो माझा पोरगा, लवू.

त्याला कावीळ झाली. मशीन बिघडली तर पगार बंद आणि चूल बंद. म्हणून चावी घेऊन मीच जायला लागले.

गेटवर खंडू वॉचमन दात काढत होता. "काय मावशी, आता लेझर तुम्ही चालवणार?"

"तुझ्यासारखं खुर्चीवर घोरण्यापेक्षा बरं. हो बाजूला."

सोमवारी मी सहा पुड्या भाजून ठेवल्या होत्या.

मंगळवारी प्लास्टिक उचललं...

सहाच्या सहा गुलाबी.

बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं की पापड दोन तासांत वाळत होते. मी खंडूला धरलं. "आत पाणी मारलंस काय रे?"

"आईशप्पथ मावशी, चावी तुमच्याकडेच आहे ना!"

ते खरं होतं.

मी पण कमी नाही. पुड्या भाजून आणल्या आणि खोलीभर पसरल्या. दारात, खिडकीत, कपाटावर, दोन मशीनवर. एक स्टुलावर. म्हटलं, ओल येते कुठून ते बघतेच.

बुधवारी दुपारी दार उघडलं.

पाच निळ्या.

स्टुलावरची... गुलाबी.

ते स्टूल रामनाथचं होतं.

आता रामनाथचं सांगते. आमच्याच चाळीतला, मशीनवरचा पहिला माणूस. चाळीत सगळे मला मावशी म्हणत, हा एकटा काकी म्हणे. टाळं लागलं तेव्हा साहेब त्यालाच ठेवणार होता. मी साहेबाला जाऊन सांगितलं, त्याला दमा आहे, बंद खोलीत पडला तर तुम्हीच अडकाल. त्याने तो लपवला होता. मी चुगली केली असं बायका बोलल्या. बोलू देत. मी खरं तेच सांगितलं.

तो गावी गेला. श्रावणात गेलाच.

मी स्टुलासमोर उभी राहिले.

घर्र... घर्र...

वीज नाही. पंखा नाही. खंडू लांब गेटवर.

घर्र...

"रामनाथ," मी म्हटलं, "मेलास ना रे? मग नीट मर. माझ्या पोराच्या पोटावर बसू नकोस."

आवाज थांबला.

मला वाटलं, भ्याला. मी वळले. दारातली निळी पुडी हातात घेतली...

माझ्या डोळ्यांसमोर एकेक दाणा गुलाबी व्हायला लागला. मनगटावर काहीतरी कोमट, ओलसर लागलं. थांबून थांबून. कोणी अगदी जवळ तोंड आणून श्वास सोडावा तसं.

मी ओरडले नाही. दोन्ही गुलाबी पुड्या पिशवीत कोंबल्या, टाळं लावलं, घरी आले. आणि रोजच्यासारखे दाणे तव्यावर टाकले.

तिथेच चुकलं.

मूठभर दाण्यांतून किती वाफ निघावी? खोली भरली. भिंती ओल्या झाल्या. तव्यातून तोच आवाज... घर्र... घर्र... आणि मग एकदम शांत.

दाणे निळेशार.

मागे खाटेवर लवू झोपला होता. तो खोकला. मग त्याने श्वास ओढला...

घर्र...

त्यानंतर मशीनमधली एक पुडीसुद्धा गुलाबी झाली नाही. मार्चमध्ये कंपनी उघडली. आरसे लखलखीत. लवू मशीनवर परत बसला. दम्याचं आम्ही कोणाला बोललो नाही.

दोन महिन्यांत त्याला काढलं.

मी पदर खोचून नव्या साहेबाकडे गेले. "कोणी चुगली केली? नाव सांगा!"

"नाव नाही विचारलं, मावशी. तुमच्याच चाळीतला म्हणाला. बारीकसा. बोलताना त्यालाच धाप लागत होती." साहेबाने कागद बाजूला सारला. "म्हणाला, लवूला दमा आहे. मी खरं तेच सांगतोय, काकीला विचारा."

मी तशीच घरी आले.

लवूच्या उशाशी मी निळ्या दाण्यांची वाटी ठेवते. आजही सकाळी भाजून ठेवलीय. आता तीन वाजत आलेत. पलीकडच्या खोलीतून आवाज येतोय...

वाटी बघायला मी अजून उठलेली नाही.