दुसऱ्या मशीनवरचा हात

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. फक्त माझ्या बायकोसमोर खोटी म्हणू नका. त्या आठवड्यातली माझी अवस्था तिनं पाहिली आहे.

भुतं रात्रीच येतात म्हणे.

माझ्याकडे आलं ते रविवारी सकाळी, अकराच्या शोला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खाली तीनशे माणसं बसली होती.

मी थिएटरात ऑपरेटर होतो. तेव्हा सिनेमा रिळांवर यायचा. एक रीळ वीसेक मिनिटांत संपायचं, म्हणून केबिनमध्ये दोन मशीनं. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका. तो दिसला की दांडा ओढायचा, म्हणजे पडद्यावरचा उजेड या मशीनचा जाऊन त्या मशीनचा यायचा. याला आम्ही बदली म्हणायचो.

जमलं तर कुणाला कळत नाही. हुकलं तर पडदा पांढरा आणि थिएटरभर शिट्ट्या.

माझा धाकटा भाऊ माझ्याच हाताखाली हे शिकला. सगळे त्याला बारक्या म्हणायचे. दोन वर्षांत तो माझ्या पुढे गेला. माझी दहातली एखादी बदली हुकायची, त्याची कधीच नाही. दांडा ओढण्याआधी तो मशीनच्या झाकणावर दोन बोटं वाजवायचा. टक्... टक्. की झालीच बदली.

मालकांनी त्याला हेड ऑपरेटर केलं. मला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. घरातल्या घरातच राहिलं ना?"

मी हसलो. पण त्या दिवसापासून तो शीळ घालत जिना चढायचा, तेसुद्धा मला खुपायला लागलं.

तेव्हा आमच्याकडे एक जुना सिनेमा लागला. डोंगरात सोनं शोधायला गेलेल्या दोन मित्रांचा. सोनं सापडेपर्यंत एका ताटात जेवणारे दोघं, सापडल्यावर एकमेकांकडे पाठ करून झोपायला धजत नाहीत. शेवटी एक जण दरीत उतरतो. सोन्याची पोती दोराला बांधून वर पाठवतो. वरचा ती उतरवून घेतो. मग खालून हाक येते, "आता मला ओढ."

वरचा हातातल्या दोराकडे बघत राहतो.

नेमकं तिथं रीळ संपायचं.

त्या जागी बारक्याची बदली अशी व्हायची, की लोकांचा अडकलेला श्वास अडकलेलाच राहायचा. मालक खाली बसून ती जागा बघायचे. मग केबिनकडे वळून मान डोलवायचे. माझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी.

एका दुपारी तो जेवायला गेला असताना मी कात्री घेतली. त्याच रिळातली दुसरा ठिपका असलेली चार चित्रं कापली आणि फिल्म पुन्हा चिकटवून टाकली.

त्या संध्याकाळी मालकांचे पाहुणे आले होते. बारक्या ठिपक्याची वाट बघत राहिला... आणि पडदा पांढरा झाला.

मालक वर येऊन सगळ्यांदेखत त्याला नाही नाही ते बोलले. ते गेल्यावर बारक्यानं रीळ हातात घेतलं. जोडावरून अंगठा फिरवला.

"दादा, मागितलं असतंस तर दिलं असतं," एवढंच म्हणाला.

आठवड्याभरात तो दुसऱ्या गावी नोकरीला गेला. चार महिन्यांत कावीळ झाली आणि तिकडेच गेला.

हेड मी झालो.

वर्षभरानं तोच सिनेमा परत आला. आठवडाभर, रोज सकाळी. प्रिंट तीच. जोडही तोच, मीच लावलेला.

रविवारी ते रीळ लागलं तसा मी दांड्याजवळ बसलो. दुसरा ठिपका नाही म्हटल्यावर अंदाजानंच दांडा ओढायचा होता. पहिला ठिपका दिसला. दुसरं मशीन सुरू केलं. पडद्यावर दोर दिसला.

आणि...

टक्... टक्.

मी वळलो. केबिनमध्ये कुणी नव्हतं.

दांडा ओढला गेला होता. माझा हात माझ्या मांडीवर होता.

खाली कुणाला काही कळलं नाही. बदली इतकी स्वच्छ, की लोक खोकलेसुद्धा नाहीत.

त्या केबिनमध्ये मशीनच्या दिव्यांनी अंगाला घामाच्या धारा लागायच्या. मी दांड्याला हात लावला... तो गारठलेला होता.

शो सुटल्यावर मालक धापा टाकत वर आले. "आज धाकट्याची आठवण करून दिलीस रे," म्हणाले.

खरं सांगतो, तोपर्यंत मी घाबरलेलो होतो. ते वाक्य ऐकलं आणि भीतीच्या जागी तीच जुनी आग पोटात पेटली. मेला, तरी शाबासकी त्याचीच.

सोमवारी तेच झालं. मंगळवारीही. बुधवारपासून मला जेवण जाईना. बायकोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. कात्रीचं तेवढं सोडून.

तिनं माझं ताट जवळ सरकवलं. मग म्हणाली, "भाऊजी तुमची अब्रू राखायला येत असतील. जीव होता त्यांचा तुमच्यावर."

"मग माझ्या हातानं का करू देत नाही?"

"तुम्ही भाऊजींवर चिडलाय?" तिनं विचारलं. मी ताटावरून उठलो.

शनिवारी शेवटचा शो होता. ते रीळ लागलं तसा मी दोन्ही हातांनी दांडा धरून बसलो. रिकाम्या केबिनला म्हणालो, "आज हात लावायचा नाही. हे मशीन माझं आहे."

पहिला ठिपका. मशीन सुरू. पडद्यावर दोर.

टक्...

दुसरी टिचकी वाजलीच नाही.

मी तिची वाट बघत राहिलो. तिच्याशिवाय माझा हात हलेना.

पडदा पांढरा झाला. शिट्ट्या सुरू झाल्या.

आणि माझ्या डाव्या खांद्यामागे... कुणीतरी हळूच उसासा सोडला. मग जिन्यावरून पावलं उतरत गेली. एकेक पायरी, सावकाश. शीळ नव्हती.

त्यानंतर तो कधी आला नाही.

आता रिळं गेली, ती मशीनंही भंगारात गेली. पण जुने लोक अजून भेटतात. म्हणतात, "त्या आठवड्यात काय हात चालला होता तुझा. शनिवारचं सोड, पण बाकीचे दिवस... वा."

मी मान डोलवतो. शाबासकी घेतो.

आणि घेताना दर वेळी एकदा मागे वळून बघतो.