डबल क्लच

पिकअपचा जुना गियरबॉक्स खाली उतरवला त्या सकाळी मी इतका खुशीत होतो, की मेहुण्यानं गाडीखालूनच विचारलं, "दाजी, लग्नात तरी एवढे हसला होतात का?"

"लग्नात तुझी बहीण शेजारी होती. हसायची टाप होती का माझी?"

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. म्हणजे ऐकलं होतं तिनं.

खरं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. टेकडीवर आमची रोपवाटिका आहे. खताची पोती, माती, कुंड्या, सगळं ही वडिलांच्या वेळची पिकअपच वर न्यायची. मी गाडी चालवायचो आणि शेजारी बसून बायको हुकूम सोडायची. "अहो, हॉर्न वाजवा, वळण आलं!" कान किटायचे माझे. गेल्या वर्षी भर चढावर, त्याच वळणावर, गियर निसटला आणि भरलेली गाडी मागे घरंगळली. झाडाला अडली म्हणून वाचलो. त्या दिवसापासून ती पायवाटेनं चढते. "मेले तरी त्या सीटवर बसायची नाही," म्हणाली ते म्हणाली. तिच्या त्या ओरडण्यावाचून मला चढ खायला उठायचा. ती सीट रिकामी बघवत नव्हती मला.

म्हणून हा ट्रकचा गियरबॉक्स आणला. बिडाचं नुसतं धूड! पहिला गियर असा ताकदीचा, की म्हटलं तर घर ओढून नेईल. मात्र जुन्या पद्धतीचा. गियर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, नाहीतर आतले दात करकरतात. भंगारवाली म्हणाली होती, "जिवापाड जपलेला माल आहे. नवरा-बायको दोघं मिळून चालवायचे तो ट्रक, शेवटपर्यंत." पाळीपाळीनं चालवत असतील, असं मी धरून चाललो.

बसवताना घाम फुटला. बॉक्स लांबीला जास्त, त्यामुळे मागचा शाफ्ट कापून आखूड केला, खालचा आडवा पत्रा सरकवला. मेहुणा वेल्डिंगवाला, हाताला बरा, तोंडाला वाईट. केबिनच्या तळाला नवं भोक पाडलं तेव्हा गियरचा दांडा वीतभर मागे, दोन्ही सीटच्या बरोबर मधे आला. मेहुणा फडक्यानं त्याचा गोळा पुसत होता. पुसता पुसता थांबला.

"दाजी, हा तुमच्या बाजूनं कोरा आहे. झिजलाय तो पलीकडून. अंगठ्याचा खळगासुद्धा पडलाय बघा."

"मग? फिरवून बसवला असेल कोणीतरी."

"फिरत नाही हो. जाम आहे."

मी हसण्यावारी नेलं. मला घाई झाली होती.

पहिली फेरी आम्ही दोघांनी मारली. मी क्लच दाबला, हात दांड्याकडे नेतोय तोवर तो आपसूक दुसऱ्या गियरमध्ये गेलासुद्धा! मी आनंदानं ओरडलोच. बॉक्स जरा तिरका बसलाय, दांड्याला कल मिळालाय, असं मी मेहुण्याला समजावू लागलो. त्याचं लक्ष नव्हतं.

"दाजी, जरा तिकडे सरका की."

"कुठे सरकू? दाराला चिकटलोय मी."

तोही त्याच्या दाराला चिकटला होता. आमच्यामध्ये चांगलं हातभर अंतर होतं. कोपऱ्यावर तो उतरला आणि चालत येतो म्हणाला. चहा झाला तरी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोती भरली आणि बायकोपुढे उभा राहिलो. "एकदाच बस. नाही आवडलं तर गाडी भंगारात. शब्द देतो."

तिनं पदर खोचला. "एकदाच हं. आणि हॉर्न वाजवायचा."

काय सांगू! माझ्या छातीत नुसते ढोल वाजत होते. चढ लागला, इंजिन जड आवाजात गुणगुणायला लागलं, दांडा आपणहून मागे-पुढे होत राहिला. ती आधी दाराची कडी धरून बसली होती. हळूहळू बोटं सैल पडली. मी मनात म्हटलं, जिंकलो!

वळण आलं. मी हॉर्न वाजवला, क्लच दाबला.

दांडा अर्ध्यात अडला.

मी ओढला. आत दात करकरले. गाडी थांबली, आणि मागे सरकायला लागली. ब्रेक तळाला गेला तरी सरकतच होती.

"दाब," ती म्हणाली.

"दाबलाय गं!"

"दोनदा दाब रे."

माझ्या पायानं ऐकलं. तिचा हात दांड्यावर होता, अंगठा त्या खळग्यात. खट्ट. गाडीनं पुढे उसळी घेतली.

वर पोचेपर्यंत मी वेड्यासारखा हसत होतो. वर गाडी थांबवली, बंद केली, किल्ली खिशात टाकली. तेव्हा लक्षात आलं. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, तिनं मला कधी 'अरे-तुरे' केलेलं नाही. आणि तिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही.

"चल, उतर," मी म्हटलं.

"तू उतर. मी बसते."

भीतीनं शिणली असेल, बसू दे जरा. मी मागे जाऊन पोती उतरवू लागलो. दोनच उतरवली असतील, तोच केबिनमधून क्लचच्या स्प्रिंगचा आवाज आला. एकदा. मग पुन्हा एकदा. मग खट्ट.

मी मागच्या काचेतून बघितलं. ती आपल्याच सीटवर होती, हात दांड्यावर. तिथून तिचे पाय क्लचपर्यंत पोचत नाहीत.

ती माझ्या रिकाम्या सीटकडे बघत होती. हसत होती, पूर्वी माझ्याकडे बघून हसायची तशी.

"हॉर्न वाजव की रे," ती म्हणाली, "वळण आलं."

हॉर्न वाजला.