तिसरं बुजगावणं

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी कोरा मक्यातून किंचाळत उडी मारून बाहेर आली, तेव्हा समोरचा तरुण ना ओरडला ना पळाला. त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, "नाडी सुटलीय हं तुमच्या बुटाची. पडाल."

आता बोला! विल्मा आत्याच्या भुताटकीच्या मळ्यात लोक ऑक्टोबरभर तिकीट काढून घाबरायला यायचे, आणि तिथल्या बुजगावण्यांच्या रांगेत कोरा चार वर्षं तिसरं बुजगावणं होऊन उभी राहत होती. आयोवातले चांगले दांडगे फुटबॉलवाले तिला बघून आईच्या नावाने टाहो फोडायचे. आणि हा पठ्ठ्या नाडी बघतोय!

बंद व्हायची घंटा होईपर्यंत भुताने बोलायचं नाही, हा आत्याचा कडक नियम. त्यामुळे मळा बंद झाल्यावर, गरम सफरचंदाच्या रसाच्या टपरीवर तिने त्याला गाठलं.

"नाव काय रे तुझं?"

"एमेट. कापणीच्या टोळीत यंत्र चालवतो. हॅलोविन झाला की हा मका मीच कापणार."

"आणि मग?"

"मग टोळी नेईल तिकडे... टेक्सास बहुतेक."

"मला बघून घाबरला कसा नाहीस?"

"इतक्या गोड टोपीला कोण घाबरणार?"

"नुसती टोपीच गोड?"

"टोपीपासून सुरुवात केलीय. डोळ्यांपर्यंत पोचेन हळूहळू."

कोराचे कान तापले, पण हार मानेल ती कोरा कसली! "हॅलोविनच्या आत तुला किंचाळायला लावलं नाही, तर नाव बदलीन. लिहून ठेव."

मग तो दर शनिवारी यायचा. ती कधी गवताच्या गंजीखालून झेपावली, कधी त्याच्या मानेवर गार बोटं टेकवली. तो नुसता हसायचा आणि तिच्यासाठी कुंपणावर दालचिनीचा डोनट ठेवून जायचा. तिसऱ्या शनिवारी तर कोरा वाळक्या पानांवर त्याच्याच बुटांचा आवाज शोधत होती. प्रेमात पडले मी, दुसरं काय! तिने स्वतःलाच सांगून टाकलं. शेवटच्या दिवशी आधी त्याची किंचाळी, मग आपली कबुली... बेत पक्का.

हॅलोविनच्या संध्याकाळी तिने रांगेत तिसऱ्या जागी पेंढ्याचं बुजगावणं उभं करून त्याला आपली टोपी आणि लाल मफलर चढवला. तिची नेहमीची जागा तीच ना! स्वतः तोंडावर पोतं ओढून मागच्या रांगेत उभी राहिली.

एमेट आला. तिसऱ्या बुजगावण्यापुढे थांबला. आज हसला नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बोलायचं नाही हा नियम, ठाऊक आहे," तो म्हणाला. "म्हणून आत्ताच सांगतो... नंतर तुम्ही माझी टर उडवाल आणि राहूनच जाईल. आत्याबाई म्हणतात, हिवाळाभर इथेच राहून यंत्रं दुरुस्त कर. माझं तुमच्यावर प्रेम आहे, कोरा. नुसती मान हलवा, मी राहतो. नाही हलली, तर उद्या मका कापून निघून जाईन. रागावणार नाही."

पेंढ्याची मान ती, कशाला हलतेय!

मागे कोरा मात्र पोत्याआड जोरजोरात मान हलवत होती. पण बघणार कोण? कपाळ माझं, तिच्या मनात आलं, माझीच युक्ती माझ्या मुळावर!

"बरं..." एमेट पुटपुटला. डोनट बुजगावण्याच्या पायाशी ठेवून तो वळला.

मक्यातल्या वाटेच्या वाकणावर पुढच्या पाहुण्यांचे आवाज आले होते. घंटेला अजून अर्धा तास होता. गेला खड्ड्यात तो नियम! कोराने पोतं भिरकावलं आणि थेट त्याच्यापुढे उडी घेतली.

"हो! थांब ना गाढवा... हो!"

एमेट असा किंचाळला, की वाकणावरचे पाहुणे आल्या पावली पळत सुटले. तो मटकन चिखलात बसला.

"तू... मग ती कोण?"

"पेंढा."

"मी पेंढ्याला विचारलं?"

"विचारलंस की. आणि तिने नकार दिला. मी देत नाहीये."

तो हसू लागला, तिच्याकडे बघतच राहिला. थेट डोळ्यांत. मग बसल्या जागीच पुढे सरकून त्याने तिच्या बुटाची नाडी हातात घेतली. आजही सुटलेलीच होती.

"किंचाळलास की नाही," कोरा म्हणाली. "घाबरलास ना शेवटी? कबूल कर."

"घाबरलो."

"माझ्या उडीला?"

"छे! तू मान हलवली नाहीस, तेव्हा."